वहीत न लिहिलेली देणी

व्यापारी कुटुंबात वारसा म्हटला की दुकान, घर, दागिने आणि वहीतील येणी-देणी डोळ्यांसमोर येतात. परंतु वडिलांची धास्ती, घरातील एखादे जुने आजारपण, त्याविषयी पाळलेले मौन हेही पुढच्या पिढीकडे येतच असते. त्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत नसते. काही मराठी चित्रपटांनी ही नोंद घेतली आहे. त्यांतील दोन आपल्या वर्धा जिल्ह्यातील कुटुंबांनी एकत्र बसून पाहावेत, असे सुचवावेसे वाटते.

पहिला सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). किसना हा विदर्भातील कापूस पिकवणारा शेतकरी. शेजारी आत्महत्या करतो आणि किसनाची पत्नी अलका हिच्या मनात धास्ती बसते. ती लहानग्या दिनूला वडिलांवर लक्ष ठेवायला सांगते. ज्या वयात बापाचे बोट धरून हिंडायचे, त्या वयात मुलगा बापाची राखण करू लागतो. चित्रपट मधूनमधून हसवतो, म्हणूनच तो अधिक बोचतो.

या भीतीचे मूळ एका हंगामात नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेना, तेव्हा आपल्या भागातील कापसाला एकाएकी मागणी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. युद्ध संपताच भाव घसरले. पण कापसावरचे अवलंबित्व मागे राहिले. भाव दूरदेशी ठरणार आणि जोखीम शेतकऱ्याने सोसायची, ही रीत पारतंत्र्यातच रुजली. हिंगणघाट, वर्धा, पुलगाव, आर्वी येथील बाजारपेठा याच कापसावर वाढल्या. त्यामुळे ही कथा केवळ शेतकऱ्याची नव्हे. अडतीच्या गादीवर बसणाऱ्यांचीही आहे.

बँकेच्या कर्ज विभागात काम करताना, वडिलांच्या निधनानंतर खाली मान घालून समोर उभी राहिलेली मुले मी पाहिली आहेत. कायदा त्यांच्या बाजूने किती आहे, हे त्यांना ठाऊक नसे. जो स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नाही, अशा वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य, एवढ्याच आधारावर त्याच्याकडून वसुली करण्याची वाट २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती बंद केली. कर्जाला कायद्याने मर्यादा घातली. भीतीला घालणारा कायदा नाही. उधारी मागताना शब्द जपून वापरणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

दुसरा चित्रपट सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४). शेष या तरुणाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याची बहीण सीना त्याला आपल्या घरी आणते, उपचार करवते आणि संसारावर येणारा ताणही सोसते. आजाऱ्यापेक्षा त्याच्या भोवतीचे घर येथे अधिक दिसते.

आपल्या घरांत असे दुखणे सोयरिकीच्या वेळी हमखास लपवले जाते. ‘वेड घराण्यातून येते’ या समजुतीने बहीण-भावांचीही लग्ने अडतात. वैद्यकशास्त्र काय सांगते? या विकाराचे प्रमाण शंभरात साधारण एक आहे. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असल्यास मुलांमध्ये ते सुमारे दहा टक्के होते. म्हणजे अशा दहा मुलांपैकी नऊ जणांना तो होत नाही. अनुवंशिकतेचा धोका असतो, पण तो नियतीचा लेख नव्हे. लपवल्यामुळे मात्र उपचार लांबतात आणि आजार बळावतो.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार असते आणि ते कटू सत्य त्याच्यापासून लपवून चालणार नसते. आजोबांना ते किती जड जाते, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगणे नको.

दरवर्षी दिवाळीला आपण नवी वही घालतो. त्याच सुमारास घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कुटुंबातील आजारांचीही नोंद करावी: कोणाला, कोणत्या वयात, काय झाले होते. डॉक्टरांना ती उपयोगी पडेल. मुलांनाही कळेल की आपल्या घरात दुःख होते, ते सोसले गेले, आणि त्याविषयी बोलता येते.