पाकिटं खपली, मग पैसे कुठे गेले? होलसेल भावाचं साधं गणित

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, "घरचा पदार्थ दुकानात ठेवायचाय, दुकानदाराला काय भावाने द्यायचा?" आज त्याचंच बोलू. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

आधी आमची फजिती ऐका.

आम्ही सोलापूरचे. आईच्या हातची शेंगा चटणी ओळखीतले लोक मागून न्यायचे. २०० ग्रॅमचं पाकीट, ६० रुपये. मला वाटलं, दुकानातच ठेवू की! एकदम १००० पाऊच छापून घेतले, एमआरपी ६०. कोपऱ्यावरचे किराणावाले काका म्हणाले, "ठेव की बाळा, पण मला वीस टक्के सुटले पाहिजेत." म्हणजे आम्हाला ४८ मिळणार. खर्च ४०. पाकिटामागे आठ रुपये, वाईट काय?

दोन महिन्यांत पाच दुकानांतून ४०० पाकिटं खपली. एक दिवस आई म्हणाली, "अगं, एवढं विकलं, मग शेंगदाणे आणायला माझ्याच बटव्यातले पैसे का जातायत?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री एका पाकिटाचा हिशोब पुन्हा मांडला:

शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ: ३२
पाऊच: ६
गॅस आणि वीज: २
मदतीला येणाऱ्या मावशींची मजुरी आणि आईचा वेळ: ८
दुकानापर्यंतचं पेट्रोल: ३
फाटलेली, परत आलेली, चवीला वाटलेली पाकिटं: २
एकूण: ५३

आम्ही पहिल्या तीन ओळींवरच थांबलो होतो. ५३ चा माल ४८ ला देत होतो. ४०० पाकिटांवर २००० रुपये गेले, आणि आईच्या कष्टाला मी हिशोबात जागाच दिली नव्हती. त्याचं जास्त वाईट वाटलं.

मग भाव काढायचा कसा?

सगळा खर्च धरा, त्यात स्वतःला किती उरायला हवं ते मिळवा. आम्ही १५ धरले. ५३ अधिक १५, म्हणजे ६८. हा दुकानदाराचा भाव. त्याला एमआरपीवर २० टक्के द्यायचे, म्हणून ६८ ला ०.८ ने भागा. उत्तर ८५. ही एमआरपी.

आता दुकानात जा आणि शेजारची पाकिटं बघा. तेवढ्याच वजनाची चटणी ८० ते ९० ला असेल, तर तुमचं गणित चालेल. ६० ला असेल, तर खर्च कमी करा किंवा पाकीट लहान करा. स्वतःची मजुरी मात्र खोडू नका.

"टक्के कशावर?" हे विचाराच

६० च्या एमआरपीवर १२ रुपये म्हणजे २० टक्के. तेच १२ रुपये ४८ च्या खरेदीवर धरले, तर २५ टक्के. रुपये तेवढेच, पण बोलताना गोंधळ होतो. म्हणून सरळ रुपयांत ठरवा.

उद्या डिस्ट्रिब्युटर आला तर?

समजा त्याने स्वतःच्या खरेदीवर ८ टक्के मागितले. दुकानाला ६८ लाच पोचायचं असेल, तर तुम्हाला मिळतील साधारण ६३. म्हणजे १५ चे १० उरतात. ही जागा पहिल्या दिवसापासून ठेवा.

"बारावर एक फ्री दे ना"

ऐकायला छोटं वाटतं. पण १२ पाकिटांचे ८१६ रुपये १३ पाकिटांत वाटले गेले, की एकाला पडतात ६२ रुपये ७७ पैसे. डिस्ट्रिब्युटर आणि स्कीम दोन्ही एकदम दिलं, तर १५ चे जेमतेम ५ उरतात. उधारीचंही तसंच. शेंगदाणे रोखीने येतात आणि दुकानदार महिन्याने पैसे देतो. तो महिना आपण स्वतःच्या खिशातून काढतो.

छापण्याआधी दहा वेळा विचार करा

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार स्टिकर लावून ती कमी करता येते, पण वाढवता येत नाही. आमचे उरलेले ६०० पाऊच, म्हणजे ३६०० रुपये, आजही माळ्यावर आहेत. पुढे धंदा वाढून जीएसटी लागला, तर तोही त्याच एमआरपीतून जाणार, हेही लक्षात ठेवा.

आणि एक. दुकानात ८५ ला असलेलं पाकीट घरून ६८ ला विकू नका. दुकानदाराला कळतंच, आणि मग तो तुमचं पाकीट मागच्या फळीवर टाकतो.

आम्ही नव्या भावाने गेलो, तेव्हा पाचपैकी दोन दुकानांनी नाही म्हटलं. तीन राहिली. काकांनी लेबल पाहिलं, आकडा वाचला आणि म्हणाले, "आधीच एवढा लावायचा होतास." आता पाकिटं कमी जातात, पण शेंगदाणे चटणीच्याच पैशांतून येतात आणि आईचे ठरलेले पैसे दर महिन्याला वेगळे निघतात.

तुमचं आजचं काम एवढंच: एका पाकिटाचा खर्च लिहा आणि त्यात घरच्यांच्या वेळेची ओळ आहे का ते बघा. आकडे जुळत नसतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात सोबत बसून मांडू. भेटूच!