येरवड्याची वाट जवळ कशी झाली

बारामतीहून पुणे 100 किलोमीटर, इंदापूरहून 140 च्या आसपास. पन्नास वर्षांपूर्वी डोक्याच्या दुखण्यासाठी एवढं अंतर कापायचं ते बाकी सगळं करून थकल्यावरच. आधी घरच्या देवाचा अंगारा, मग गावातला देवरशी, त्याचा उतारा, लिंबू, काळी कोंबडी. मग मोरगावला किंवा नीरा नरसिंहपूरला नवस. ज्यांची ऐपत होती ते गाणगापूरची वारी करून यायचे. एवढं होऊनही माणूस आवरेना, मारायला धावू लागला, घरातून निघून जाऊ लागला, की चार जण जीप करायचे आणि येरवड्याला निघायचे. या सगळ्यात कधी सहा महिने जात, कधी सहा वर्षं.

येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणजे 2540 खाटांचं एक गावच. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालयं त्याहून लहान. 1912 चा इंग्रजी अमदानीतला ल्युनसी ॲक्ट आपल्याकडे 1993 पर्यंत चालला, कारण 1987 चा नवा कायदा अमलात यायला सहा वर्षं लागली. जुन्या कायद्यात दंडाधिकाऱ्याचा हुकूम, पोलीस, पंचनामा असा सगळा गुन्हेगारी थाट होता. शेजारी तुरुंगही येरवड्यातच. त्यामुळे माणसाला तिथं पोचवून परतणारी जीप गावात शिरायची ती माना खाली घालूनच. त्या घरच्या पोरींची लग्नं अडायची, म्हणून पुष्कळांनी ती जीप कधी केलीच नाही. माणूस गोठ्याशेजारच्या खोलीत राहिला आणि खोलीला बाहेरून कडी लागली.

पण येरवड्यापर्यंत गेले ते मूठभर. मागं वळून पाहताना आपण नेहमी त्यांच्याकडेच पाहतो आणि तिथंच चुकतो, असं मला वाटतं. स्किझोफ्रेनिया शंभरात जेमतेम एकाला होतो. उदासीनतेचा आजार आणि चिंतेचे आजार त्याच्या कितीतरी पट. ही माणसं येरवड्याला गेली नाहीत, देवरशाकडेही फारशी नाहीत. ती गेली बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात.

तिथं ती काय सांगत? ‘मन उदास आहे’ असं कुणी म्हणत नाही, आजही नाही. बाई सांगते की अंग तुटतंय, डोकं जड पडतंय, घास गिळत नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडाच. बाप्या सांगतो की छातीत धडधडतंय, मुंग्या येतात, हातापायातलं बळ गेलंय. डॉक्टर नाडी बघतात, बीपी बघतात, ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात आणि एक सलाईन लावतात. सलाईनमध्ये लाल-पिवळं व्हिटॅमिन सोडलं की पेशंटला बरं वाटतं, दोन दिवस. मग पुन्हा बाजार, पुन्हा सलाईन. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने उभे राहिले, लोकांच्या हातात पैसा आला आणि त्यातला किती पैसा या सलाईनांत गेला याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मी डॉक्टरांना फार दोष देणार नाही. त्यांच्या शिक्षणात मनोविकारांचा वाटा तोंडी लावण्यापुरता होता आणि बाहेर चाळीस जण रांगेत बसलेले असत.

पेशंटच्या त्या तक्रारींतच आजाराची लक्षणं होती. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, थकवा, आपण निकामी आहोत असं वाटत राहणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार: यातली काही एकत्र आली आणि रोजचं काम अडू लागलं की त्याला उदासीनतेचा आजार म्हणतात. छातीत धडधड, घाम, जीव गुदमरणं, ‘आता मी जातो’ अशी भीती, दहा-पंधरा मिनिटांत ओसरणारी आणि पुन्हा येणारी, ईसीजी मात्र दर वेळी चांगला, हा पॅनिकचा झटका. बारामतीत ईसीजीचं यंत्र मानसोपचारतज्ज्ञाच्या बऱ्याच आधी पोचलं, म्हणून अशा माणसांच्या पिशवीत चांगल्या ईसीजींची चळत असते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते स्वतःलाच खोटारडे समजू लागतात.

काही आजार तर रीतीभातीच्या आड लपून राहिले. दिवसातून पन्नास वेळा हात धुणारी, नळाची तोटीही धुणारी म्हातारी ‘सोवळ्याची’ म्हणून नावाजली गेली. मंत्रचळ हा आजार आहे आणि त्यावर गोळ्या आहेत, हे तिच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. गोळ्यांबरोबर एक उपचारही असतो. घाण वाटलेल्या वस्तूला हात लावायचा आणि ठरवून, थोडं थोडं करून, हात न धुता बसायला शिकायचं. एखादा बागायतदार पाऊसकाळात अचानक तीन तास झोपून ताजातवाना राहू लागला, दोन ट्रॅक्टर उधारीवर घेतले, गावजेवण घातलं, राजकारणात उभं राहायची भाषा करू लागला, तर लोक म्हणत, ‘पैशाची मस्ती आलीय.’ पुढच्या उन्हाळ्यात तोच पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला, की म्हणत, ‘कर्जानं खचला.’ दोन्ही अर्धसत्यं. द्विध्रुवीय आजारावर लिथियम 1949 पासून माहीत आहे. ते रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासत घ्यावं लागतं, पण त्यानं कितीतरी जणांचे संसार टिकले.

बाळंतिणीचं दुखणं याहून अवघड. बाळ पंधरा दिवसांचं असताना ती रडते, बाळाला जवळ घेत नाही, कधी भलतंच बोलू लागते. पहिल्या आठवड्यातली हळवी रड आपोआप जाते. पण भास, संशय, झोपेचा पूर्ण अभाव ही तातडीनं दवाखान्यात न्यायची गोष्ट आहे, कारण त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. गावात मात्र याला ‘बाहेरची बाधा’ म्हटलं गेलं आणि धूर दिला गेला. दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, तो अंधारात कुणाशी तरी बोलतो. याला लोकांनी लागीर म्हटलं. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि वेळेवर उपचार न झाल्यास माणूस दगावतो.

मग बदललं काय? माझ्या मते सर्वांत मोठं काम गोळ्यांनी केलं, जनजागृतीनं नव्हे. क्लोरप्रोमॅझिन 1952 साली फ्रान्समध्ये मनोविकारांवर वापरलं गेलं, इमिप्रामिनचा उदासीनतेवरचा गुण 1957 च्या सुमारास कळला. त्याआधी 1931 साली कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी सर्पगंधेचा उपयोग प्रसिद्ध केला होता, हे आपण विसरलो. या औषधांमुळे माणूस घरी राहून बरा होऊ शकतो, ही कल्पनाच पहिल्यांदा शक्य झाली. ती उसाच्या रानापर्यंत पोचायला पुढं चाळीस वर्षं लागली, ही आपली गत.

पुण्यात या काळात बरंच घडत होतं. 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. ज्या फाटकाची भीती वाटायची, त्याच फाटकातून दारुडे बरे होऊन बाहेर येऊ लागले. कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आजाऱ्याच्या नातेवाइकांनी एकत्र बसून बोलायचं, ही तिची मुख्य गोष्ट. 2004 च्या ‘देवराई’मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हाच आजार पडद्यावर आणला आणि अतुल कुलकर्णींचा तो भरकटलेला माणूस पाहून अनेकांना आपल्या घरातला कुणीतरी आठवला. त्याच जोडीच्या ‘कासव’ला, जो उदासीनतेवर आहे, राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. पण मुक्तांगणला जायला इंदापूरहून बस पकडावी लागते, आणि ‘कासव’ बारामतीच्या कितीशा लोकांनी पाहिला असेल?

देवरशांविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम होतं. बायकांच्या डोक्यातली जट कापणं हे वरवर केसांचं काम, पण त्यामागं अंगात येणं, कौटुंबिक जाच, न बोललेलं दुःख असा सगळा गुंता असतो. कार्यकर्त्यांना तो कात्रीआधी सोडवावा लागतो. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे. साखळीचा धडा देशाला त्याआधीच मिळाला होता. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडी इथं आगीत 28 मनोरुग्ण मेले, कारण त्यांना बांधून ठेवलेलं होतं.

सरकारी पातळीवर 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, 1996 मध्ये जिल्हा कार्यक्रम. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचं पथक ठरलेल्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयात यायचं, अशी त्याची रचना. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात पदं भरली जाण्यावर सगळं अवलंबून, आणि तज्ज्ञाची जागा रिकामी राहिली की ठरलेला वारही रिकामा. तरी इंदापूरच्या माणसाला येरवड्याऐवजी इंदापुरातच केस पेपर काढता येणं, ही या मागोव्यातली सर्वांत मोठी घटना आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्याआधी 2019 मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मनोविकारशास्त्राचा विभाग आलाच, आणि तिथं शिकणाऱ्या पोरांना हे आजार पुस्तकात नव्हे, समोर बसलेल्या माणसात दिसतात. पुढच्या पिढीतला बाजाराच्या दिवसाचा डॉक्टर कदाचित सलाईनआधी झोपेबद्दल विचारील.

करोनानं एक उलटापालट केली. 2020 च्या एप्रिलमध्ये ‘बारामती पॅटर्न’ची चर्चा राज्यभर झाली, गल्ल्या बंद, सामान घरपोच. त्या वर्षी तुकोबांची पालखीही एसटी बसनं गेली. काटेवाडीचं धोतरांच्या पायघड्यांचं स्वागत नाही, बेलवाडी-इंदापूरची रिंगणं नाहीत. घरात कोंडलेल्या माणसांना पहिल्यांदाच ‘झोप लागत नाही’ हे सांगायला लाज वाटली नाही, कारण सगळ्यांचीच उडाली होती. 10 ऑक्टोबर 2022 ला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन सुरू झाली. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आणि मराठीत बोलता येतं, नाव न सांगता. ज्या सुनेला दवाखान्यात एकटीला जाता येत नाही तिच्यासाठी हा क्रमांक अख्ख्या इमारतीपेक्षा मोलाचा आहे.

21 मे 2024 ला उजनी धरणाच्या पाण्यात कळाशीजवळ बोट उलटून सहा जण बुडाले. तेव्हा काठावर शोध चालू असताना सगळं लक्ष पाण्याकडे होतं, ते साहजिकच. पण अशा घटनेनंतर गावाला आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते. पहिले काही आठवडे दचकणं, स्वप्नं, पाण्याकडे जाऊ न वाटणं हे मनाचं नेहमीचं वागणं आहे. महिना उलटूनही ते कमी होत नसेल, माणूस ती जागा टाळू लागला, संतापी झाला, तर उपचार घ्यावा. त्याला बोलायला भाग पाडू नये, पण तो बोलला तर थांबवूही नये.

कायदाही आता बराच पुढं आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं त्यात गृहीत धरलं जातं. साखळीला बंदी आहे, आणि भूल न देता शॉक देण्यालाही. पूर्वीच्या शॉकच्या गोष्टींनी लोक अजून घाबरतात. पण माणसानं खाणं सोडलं असेल, मरणाचा विचार डोक्यातून हलत नसेल, तर भूल देऊन केलेला तोच उपचार जीव वाचवतो. कुणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला थेट विचारावं, एकटं सोडू नये, आणि शेतीची औषधं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

जे अजून जमलेलं नाही ते गोळीच्या मुदतीत. उदासीनतेवरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, गुण दिसत नाही, माणूस सोडतो. जो टिकतो त्याला महिना-दीड महिन्यात बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून तो सोडतो. बरं वाटल्यावर आणखी सहा ते नऊ महिने घ्यायची असते. बीपीची गोळी जन्मभर घेणारा बाप पोराला मात्र सांगतो, ‘डोक्याच्या गोळ्यांची सवय लागंल, बंद कर.’ खरी सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, ज्या चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात.

आणि बोलून करायचा उपचार इथं जवळजवळ नाहीच. दहा मिनिटांच्या ओपीडीत तो होणारही नाही. पण त्याला मोठी पदवी लागते असंही नाही. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं गावातल्याच माणसांना शिकवून दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं आणि 2010 मध्ये त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेनं ‘आत्मीयता’ या नावानं गावकऱ्यांनाच असं तयार केलं. पेठ काही बारामतीहून श्रीमंत तालुका नाही. बारामती आणि इंदापुरात बचत गट आहेत, आशाताई आहेत, दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी भेटणारी माणसं आहेत. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी मनोविकार असल्याचं आढळलं आणि दहांतल्या सात ते नऊ जणांना उपचार मिळत नव्हता. ते सर्वेक्षण झालं त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपल्या तालुक्यांचा आकडा त्यातून कळत नाही.