लाँग ड्राइव्हमध्ये कुठे आणि कधी थांबायचं? गाडीतला 'कॉफी कप' नेमकं काय सांगतो?

नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर कधीकधी एक छोटासा कॉफीचा कप दिसतो आणि खाली 'ब्रेक घ्या' अशा अर्थाची सूचना येते. बरेच जण ती बघतात, 'ओके' दाबतात आणि पुढे निघतात. पण गाडीला कसं कळतं की आपण दमलोय? तिच्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि थांबायचं ठरवलंच, तर हायवेवर चांगली जागा मोबाईलवर कशी शोधायची? आज हेच सगळं सोप्या भाषेत बघूया.

मी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुणे ते नागपूर गाडीने जातो. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्ग. मागच्या सीटवर आई असते, त्यामुळे 'कुठे थांबायचं' हा प्रश्न माझ्यासाठी फक्त चहापुरता नसतो. खाली जे लिहिलंय ते याच प्रवासांत वापरून बघितलेलं आहे.

आधी थोडं गणित

डुलकी म्हणजे डोळे मिटून घोरणं, असं आपल्याला वाटतं. पण ड्रायव्हिंग करताना धोका असतो तो 'मायक्रोस्लीप'चा, म्हणजे काही सेकंदांच्या झोपेचा. यात डोळे उघडेही राहू शकतात, आणि आपण झोपलो होतो हे नंतर आठवतही नाही.

आता हिशोब करा. समृद्धीवर कारसाठी कमाल वेग ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे गाडी दर सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी १३० मीटरहून जास्त अंतर ड्रायव्हरशिवाय गेली! मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ताशी १०० चा वेग धरला तरी हे अंतर ११० मीटरच्या आसपास येतं. क्रिकेटच्या मैदानाचा बराचसा भाग ओलांडण्याइतकं.

दुसरी गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असं आढळलं की सुमारे १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंद प्रतिसाद देतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर ऑफिस करून रात्री अकराला गावी निघालेला, थेंबही न घेतलेला माणूस त्या मर्यादेच्या पलीकडे असू शकतो. फरक इतकाच की ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये झोप दिसत नाही.

सरळ, गुळगुळीत आणि रिकामा रस्ता यात भर घालतो. घाटात किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर मेंदूला सतत काम असतं. एक्सप्रेसवेवर तेच दृश्य, तोच आवाज, तोच वेग. मेंदू कंटाळतो.

गाडीला कसं कळतं?

यामागे मुख्यतः तीन पद्धती आहेत. तुमच्या गाडीत यातली एक किंवा एकापेक्षा जास्त असू शकतात.

१. स्टिअरिंगवरून: जागा असलेला ड्रायव्हर स्टिअरिंग सतत अगदी थोडं-थोडं हलवत असतो. आपल्या लक्षातही येत नाही इतकं. पेंगुळलेला ड्रायव्हर काही क्षण काहीच हलवत नाही आणि मग एकदम झटका देतो. स्टिअरिंगचा सेन्सर हा बदल टिपतो. प्रवासाच्या सुरुवातीला तुम्ही कसं चालवत होतात आणि आता कसं चालवताय, याची तुलना केली जाते. मर्सिडीजने २००९ मध्ये आणलेली यंत्रणा याच तत्त्वावर होती. आता ही सोय बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत मिळते.

२. लेनवरून: काचेवरचा कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे बघतो. गाडी वारंवार पट्ट्याकडे सरकत असेल तर इशारा देतो.

३. डोळ्यांवरून: डॅशबोर्डवरचा इन्फ्रारेड कॅमेरा पापण्या किती वेळ मिटलेल्या आहेत आणि मान कुठे वळली आहे हे बघतो. तिन्हींत थेट ड्रायव्हरकडे बघणारी पद्धत हीच.

युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये अशी यंत्रणा सक्तीची झाली आहे. आपल्याकडे ती गाडीच्या मॉडेल आणि व्हेरिएंटवर अवलंबून आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये 'ड्रायव्हर अटेन्शन' किंवा 'ड्राउझिनेस' या शब्दांखाली शोधा.

पण कपवर किती भरवसा ठेवायचा?

थोडाच. कारणं बघा:

- ही यंत्रणा बहुतेक गाड्यांत ठराविक वेगाच्या वरच काम करते. ट्रॅफिकमध्ये तीन तास रखडून तुम्ही थकलात, तर तो वेळ तिच्या हिशोबात कमी धरला जातो.
- पट्टे पुसलेले असतील, जोराचा पाऊस असेल, तर लेन बघणारा कॅमेरा आंधळा होतो.
- काही गॉगलमधून डोळे बघणाऱ्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही.
- अनेक गाड्यांत इंजिन बंद करून दार उघडलं की मोजणी शून्यावर येते. तुम्ही दहा मिनिटं झोपलात की फक्त फोनवर भांडत उभे राहिलात, हे गाडीला माहीत नसतं. कप गेला म्हणजे थकवा गेला, असं अजिबात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कप दिसतो तोवर ड्रायव्हिंग बिघडलेलं असतं. म्हणजे तो ताप आल्यावर दिसणारा थर्मामीटर आहे, ताप येऊ नये म्हणून घेतलेली लस नव्हे.

माझे मामा तीस वर्षं ट्रकवर होते. त्यांना मी हे फीचर कौतुकाने दाखवलं तर म्हणाले, "अरे, हा कप तुला आता सांगतोय. मला तर जांभईच्या आधी कळायचं."

"कसं काय, मामा?"

"मागचं गाव कोणतं गेलं ते आठवेना, की गाडी बाजूला. एवढंच."

मंडळी, हा खरंच उत्तम टेस्ट आहे. शेवटचा बोर्ड किंवा इंटरचेंज आठवत नाही, वेग आपोआप कमी-जास्त होतोय, आरशात बघणं विसरतंय, लोक बोलतायत आणि वाक्य पुन्हा विचारावं लागतंय. यातलं काहीही झालं की पुढची जागा शोधा.

थांबे आधीच ठरवा

थकल्यावर निर्णय घ्यायचा म्हटलं की 'अजून वीस किलोमीटर' हेच उत्तर येतं. म्हणून निघण्याआधीच ठरवा. माझा नियम साधा आहे: दोन तास किंवा १५० ते १७० किलोमीटर, जे आधी होईल ते. युरोपात ट्रकचालकांना साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद होती. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांच्यासाठी हे नियम असतील, तर वर्षातून चारदा लांब जाणाऱ्या आपण त्याहून लवकर थांबायला हवं.

घड्याळही बघा. शरीराला दोन वेळा हमखास झोप येते: पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार. दुपारचा थांबा जेवणानंतर लगेच निघण्यासाठी ठेवू नका. भरपेट थाळी खाऊन अडीचला स्टिअरिंगवर बसणं म्हणजे झोपेला आमंत्रण. पिठलं-भाकरी खा, पण पोटात थोडी जागा ठेवून.

मोबाईलवर जागा कशी शोधायची?

- गूगल मॅप्समध्ये नेव्हिगेशन सुरू असताना भिंगाचं चिन्ह दाबा. पेट्रोल पंप, रेस्टॉरंट असे पर्याय येतात. हे शोधणं 'वाटेवरचं' असतं, म्हणजे तुमच्या मार्गालगतच्या जागा दिसतात. हे काम शेजारी बसलेल्याने करायचं, ड्रायव्हरने नाही.
- जागेसोबत किती मिनिटं जास्त लागतील ते बघा. नियंत्रित प्रवेश असलेल्या महामार्गावर हे फार महत्त्वाचं आहे. नकाशावर ढाबा अगदी जवळ दिसतो, पण तो कुंपणापलीकडच्या गावच्या रस्त्यावर असतो. तिथे जायला पुढच्या इंटरचेंजला उतरावं लागतं. सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा असे इंटरचेंज आधीच बघून ठेवा.
- बाजू तपासा. एक्सप्रेसवेवरचा फूड मॉल समोरच्या दिशेला असेल, तर तो तुमच्या उपयोगाचा नाही. यू-टर्न नसतो.
- नवीन रिव्ह्यू आधी वाचा. स्टार किती यापेक्षा गेल्या महिन्यात कोणी स्वच्छतागृहाबद्दल काय लिहिलंय ते बघा. आई सोबत असल्यामुळे मी रिव्ह्यूमध्ये 'वॉशरूम' हाच शब्द शोधतो. फोटोही बघतो: कमोड आहे का, पायऱ्या किती.
- ऑफलाइन नकाशा घरच्या वाय-फायवर डाउनलोड करून ठेवा. मधल्या टप्प्यांत रेंज जाते. अशा वेळी रस्ता दिसत राहतो.
- राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, कुठेही आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे नंबर फोनमध्ये सेव्ह करा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत मिळणं अपेक्षित आहे. त्यासाठी पेट्रोल भरायलाच हवं असं नाही. बिनधास्त विचारा.

थांबल्यावर अर्धा तास कसा वापरायचा?

१. गाडी शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर उभी करू नका. मागून येणारा पेंगुळलेला ड्रायव्हर तुमच्या मागच्या दिव्यांकडेच खेचला जाऊ शकतो. ती पट्टी फक्त बिघाडासाठी आहे. विश्रांती पार्किंगमध्येच.

२. आधी चहा किंवा कॉफी, मग डुलकी. उलटं वाटतं ना? पण कॅफीनचा परिणाम व्हायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. कप संपवून लगेच १५ ते २० मिनिटांचा अलार्म लावून डोळे मिटले, तर जाग येते तेव्हा कॅफीनही कामाला लागलेलं असतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका. झोप खोल गेली की उठल्यावर डोकं जड होतं. झोपायचंच असेल, तर दीड तासाची नीट झोप घ्या.

३. झोपताना इंजिन बंद. बंदिस्त जागेत चालू इंजिनमुळे कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो. सावलीत उभं करा, काच बोटभर खाली ठेवा, दारं लॉक.

४. उठल्यावर पाच मिनिटं चाला. तोवर टायरवर नजर टाका. हवा चेक केली आणि प्रेशर जास्त दिसलं तर घाबरून सोडू नका. धावून टायर तापतो तेव्हा प्रेशर वाढतंच. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो.

५. निघताना ए.सी.चं 'रीसर्क्युलेशन' थोडा वेळ बंद करून बाहेरची हवा आत घ्या. चार माणसांच्या बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि त्यानेही सुस्ती येते.

काच उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळं काही मिनिटांपुरतं. त्या मिनिटांत पुढच्या थांब्यापर्यंत पोचा. पुढच्या शहरापर्यंत नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

मग तुमचा थांबा गाडीच ठरवते, आणि ते एका अर्थी बरंच आहे. डीसी फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के चार्जिंगला अनेक गाड्यांना पाऊण ते एक तास लागतो. ८० च्या पुढे वेग मंदावतो, कारण सेलचं व्होल्टेज मर्यादेजवळ आलं की बॅटरी मॅनेजमेंट यंत्रणा करंट कमी करते. त्यामुळे १०० टक्क्यांची वाट बघण्यापेक्षा ८० ला निघून पुढे पुन्हा थांबणं फायद्याचं. फक्त चार्जर चालू आहे का हे त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघा, आणि दुसऱ्या चार्जरपर्यंत पोचता येईल एवढी बॅटरी शिल्लक असतानाच पहिल्यावर जा.

शेवटी एवढंच

समृद्धीमुळे नागपूर जवळ आलं, हे खरं. ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पण रस्ता वेगवान झाला म्हणून माणसाचा मेंदू वेगवान होत नाही. दोन तासांनी अर्धा तास थांबायचं धरलं, तर पुणे-नागपूरला साधारण दोन तास वाढतात. निघायची वेळ दोन तास अलीकडे घेतली की हिशोब जुळतो. आणि घरी फोन करून पोचायची वेळ सांगताना हे थांबे धरूनच सांगा, म्हणजे तिकडून "कुठपर्यंत आलात?" अशी घाई होत नाही आणि इकडे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड होत नाही.

तुमच्या घरात जो रात्रीचा निघतो आणि 'मला झोप येत नाही' म्हणतो, त्याला हा लेख नक्की पाठवा. पुढचा प्रवास सुखाचा होवो!