बरणीतला कापूस!

हिंगण्याच्या एमआयडीसीत जॉब करणाऱ्यांना कापूस काय नवा? कंपन्या मागे पडल्या की पुढे शेतंच! पण कापूस ज्या सेल्युलोजचा बनतो, तेच सेल्युलोज चक्क बॅक्टेरियाही तयार करतात. तेसुद्धा बरणीत.

पिकल्या फळांवर, फुलांवर राहणारी ही मंडळी. एड्रियन ब्राऊन या ब्रिटिश केमिस्टने १८८६ मध्ये त्यांची ही करामत नोंदवली. गोड पाणी द्या, हवा लागू द्या. आठ-दहा दिवसांत वर जाडसर साय धरते. घरी कोंबुचा करत असाल तर ती तुम्ही पाहिलीच असेल. सोनीच्या १९८९ च्या 'एमडीआर-आर१०' हेडफोनमधले पडदे याच सेल्युलोजचे होते. आणि केरळात 'मलाई'वाल्यांनी टाकाऊ नारळपाण्यावर ही साय वाढवून लेदरला पर्याय काढला.

मग शर्ट कधी? लंडनच्या सुझान ली यांनी गोड चहात वाढवलेल्या सायीचं जॅकेट केलं खरं. पण पावसात ते भरमसाट पाणी पितं आणि शिवणी सुटतात, हे २०११ च्या टेड टॉकमध्ये त्यांनीच सांगून टाकलं. आपल्याकडच्या जुलैत काय होईल, विचारूच नका! शिवाय बॅक्टेरियांना साखर लागते, ती फुकट येत नाही. म्हणून ही साय जखमेच्या ड्रेसिंगमध्ये आणि फेस मास्कमध्ये खपते. शर्टासाठी मात्र पाच-सहा महिने थांबून, बोंडअळीला तोंड देत, बोंडंच वेचावी लागतात.