काटा, फॅन आणि कपलर

सकाळी 9. ट्रॅफिकमध्ये गरम होणारी गाडी मी आदल्या रात्रीच ठेवून घेतो. इंजिन पुरतं थंड मिळतं ते सकाळीच. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. हवा 28, कूलंट 24. चार अंशांचा फरक कुणीही सोडून देईल. कूलंट सेन्सरचा कपलर उपसला, तर पिनांवर हिरवा थर. सेन्सर मल्टीमीटरवर घेतला: दोन हजार ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत.

10 वाजता इंजिन तापवलं. हा सेन्सर तापेल तसा त्याचा रोध घटतो. 90 अंशांना जेमतेम अडीचशे ओहम उरतो. गंजाने वाढवलेले तीनशे ओहम थंड इंजिनात दोन हजारांत खपून जातात, गरम इंजिनात मात्र तेच सगळा हिशेब बिघडवतात. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर टेंपरेचर गन धरली, 92. स्कॅनरवर 65! ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरच्या लेखी इंजिन अजून कोमटच, मग तो फॅन लावेल कशाला? गाडीच्या मालकांनी, काकांनी, दुसरीकडे फॅनची मोटर बदलून घेतली होती, तरी गाडी उकळायचीच. असे पैसे वाया गेलेले बघून जीव तुटतो. मी फक्त कपलर बदलला.

दुपारी 1. बदलापूर रोडवरून टोचन लावून एक टॅक्सी आली. बोनेटमधून वाफ, चालक रडवेला. "दादा, काटा तर मधेच होता हो!" कॅपला मी कुणाला हात लावू दिला नाही. आत साधारण एक बारचा दाब असतो, म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की क्षणात उसळून तोंडावर येतं. तासभर थांबलो. कूलंट सेन्सरच्याही खाली गेलं होतं. सेन्सरला पाणीच लागत नसेल, तर तो तापमान दाखवणार कशाचं? टाकीत बोअरचं पाणी, वॉटर पंपाचं सील गळतंय, आत क्षारांची खरड. ऑइल दुधाळ झालं नव्हतं, हेड वाचलेलं दिसत होतं. त्याला बजावलं, "गोडसर वास आला, हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, की काटा कुठेही असो, गाडी बाजूला घे." पंप टाकला, सिस्टीम धुतली, निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

5 वाजता थर्मोस्टॅट काढून टाकलेली एक गाडी. हा उपाय नव्हे. इंजिन वेळेत तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जातं. नवा बसवला.

7 वाजता काकांना घेऊन ट्रायल, फॉरेस्ट नाक्याच्या ऐन गर्दीत. उभ्या गाडीला समोरचा वारा नसतो, फॅनची परीक्षा तिथेच. 96 ला फॅन लागला, 91 ला बंद झाला, पुन्हा 96 ला लागला. "काका, ती जुनी मोटर तुमच्याकडे असेल तर टाकू नका, चांगली असणार. उद्या घेऊन या, तपासून देतो."