सँडब्लास्टिंगचे यंत्र बंद करताना घाई नको

फॅब्रिकेशन, लोखंडी सामानाची दुरुस्ती आणि रंगकाम या धंद्यांत गंज काढण्यासाठी सँडब्लास्टिंगचा पॉट सर्रास वापरला जातो. नोझल कसे धरावे हे उस्ताद शिकवतो. पण काम संपल्यावर यंत्र बंद कसे करावे, हे नीट सांगणारे थोडेच. म्हणून आमच्या कारागीर बंधूंसाठी त्याची माहिती येथे देत आहोत.

प्रथम धोका समजून घेऊ. पॉटमध्ये हवेचा दाब साधारणतः दर चौरस इंचाला १०० पौंड असतो. साफसफाईच्या लंबगोल झाकणाचे माप ६ बाय ८ इंच धरले, तर त्यावर सुमारे ३,७०० पौंड, म्हणजे जवळजवळ १,७०० किलोचा जोर येतो. कॉम्प्रेसर बंद केला म्हणून हा जोर नाहीसा होत नाही. अशा वेळी झाकण ठोकून सैल केले, तर ग्रिटसह हवा थेट तोंडावर उसळते.

बंद करण्याचा क्रम असा. आधी ग्रिटचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि नुसती हवा सोडून होजमधील ग्रिट नोझलवाटे काढून टाकावी. नाहीतर ती आतच अडकते. मग हँडल सोडून हवेचा झोत थांबवावा. त्यानंतर पॉटकडे येणारा हवेचा कॉक बंद करून पॉटचा एक्झॉस्ट उघडावा. काही यंत्रांत हँडल सोडताच पॉट आपोआप रिकामा होतो, तर काहींत दाब तसाच राहतो. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे मालकाने प्रत्येक कामगाराला सांगून ठेवावे.

गेजचा काटा शून्यावर आला, एवढ्यावर विसंबू नये. गेज तुंबलेले असू शकते. हवेचा आवाज पूर्ण थांबला का आणि वरचा पॉप-अप व्हॉल्व्ह खाली बसला का, हेही पाहावे. एक्झॉस्ट उघडाच ठेवावा. शेवटी कॉम्प्रेसर बंद करून पुरवठ्याच्या होजमधील हवा ब्लीड कॉकने सोडावी. मगच कपलिंगची पिन काढावी. दाबाखाली सुटलेली होज चाबकासारखी फटका मारते.

नोझल तुंबले तरी हाच क्रम पाळावा. त्यात डोकावू नये. हँडल तारेने बांधून ठेवणे तर आत्मघातच, कारण हात सुटताच झोत थांबावा यासाठीच ते असते.

धूळ बसेपर्यंत हेल्मेट काढू नये, कपडेही हवेच्या झोताने झटकू नयेत. वाळूतील सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. म्हणून वाळूऐवजी स्टील ग्रिटसारखा माल वापरावा.

या साऱ्याला फार तर दहा मिनिटे लागतात. घरी जाण्याच्या घाईत ती वाचवू नयेत, एवढीच आमची विनंती.