ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डचा सांधा : धूर गळू नये म्हणून घ्यावयाची काळजी

रब्बीची मळणी सुरू झाली की ट्रॅक्टर दिवसदिवसभर एका जागी उभा राहून मळणीयंत्र चालवितो. अशा वेळी सकाळी इंजिन सुरू करताच नेहमीच्या आवाजात मिसळलेला ‘टक् टक्’ असा एक कोरडा आवाज पुष्कळदा ऐकू येतो. चालकाच्या तो ध्यानात येतो. परंतु इंजिन तापले की आवाज कमी होतो आणि गोष्ट तेथेच राहते. वस्तुतः इंजिनाच्या हेडला मॅनिफोल्ड जेथे जोडलेला असतो, त्या सांध्यातून धूर निसटत असल्याची ही पहिली खूण होय. तापल्यावर धातू फुगून फट तात्पुरती बुजते, म्हणून आवाज थांबतो. दोष मात्र जागच्या जागी राहतो व महिन्या दोन महिन्यांत सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसू लागतो.

मॅनिफोल्ड म्हणजे सर्व सिलिंडरांतील जळका वायू एकत्र करून धुराड्याकडे नेणारा बिडाचा भाग. तीन सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर या भागात मिनिटाला 3,000 वेळा तप्त वायूचा झोत येऊन आदळतो. सांध्यात केसाएवढी फट असली तरी प्रत्येक झोताबरोबर थोडा वायू बाहेर पडतो आणि जाताना फटीच्या कडा खात जातो. म्हणून ही गळती आपोआप कधीच कमी होत नाही. मळणीच्या जागी भुसा उडत असतो. तो इंजिनाच्या कोपऱ्यांत साचतो, आणि निसटणारा वायू तो पेटविण्याइतका तापलेला असतो. शिवाय हा धूर धुराड्याच्या तोंडातून चालकाच्या डोक्यावर जाण्याऐवजी त्याच्या छातीच्या उंचीवर सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे, हे हंगामभर ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाने विसरून चालणार नाही.

गळती दिसली की नवे पॅकिंग आणावयाचे, त्यावर लाल सिलिकॉन फासावयाचे आणि नट जोराने आवळावयाचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. गेल्या हंगामात आमच्या पाहण्यात आलेल्या एका ट्रॅक्टरवर वर्षभरात दोनदा असेच पॅकिंग बदललेले होते व तिसऱ्यांदा गळती सुरू झाली होती. मालकाचा राग पॅकिंग विकणाऱ्यावर होता. मॅनिफोल्ड उतरवून त्याच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी धरली, तेव्हा शेवटच्या सिलिंडरापाशी पट्टीखालून उजेड दिसला. मॅनिफोल्ड वाकलेला होता, आणि हेडवर जुन्या पॅकिंगची खपली तशीच चिकटलेली होती. पॅकिंग बिचारे निर्दोष होते. सिलिकॉनचे म्हणाल तर ते साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत टिकते. मॅनिफोल्ड कामाच्या भरात त्याहून पुष्कळ अधिक तापतो. तेथे सिलिकॉन काही तासांत जळून जाते आणि त्याच्या जाडीइतकी फट मागे ठेवते. या सांध्याला ते मुळीच लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्य तर रात्रभर उभे राहिल्यानंतर, हाती घ्यावे. आदल्या दिवशी प्रत्येक नटाच्या मुळाशी गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. नट सुटत नसेल तर पान्याला नळी लावून जोर करण्याचा मोह आवरावा. नट आधी काकणभर आवळून मग सैल करावा, पुन्हा तेल सोडावे, पुन्हा मागेपुढे करावे. यात एक तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. स्टड हेडमध्ये तुटून राहिला, तर त्याच्या बरोबर मध्यावर भोक पाडून तो काढावा लागतो, आणि हे साधले नाही तर हेड उतरविण्याचा खर्च येतो.

मॅनिफोल्ड उतरल्यावर घाई करू नये; खरे काम येथेच आहे. प्रथम हेडच्या छिद्रांत स्वच्छ फडके बसवावे, म्हणजे खपली आत पडणार नाही. मग दोन्ही बाजूंची काजळी व जुने पॅकिंग बोथट पात्याने खरवडावे. जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असल्याने ते कोरडे खरवडू नये. पाण्याने चांगले भिजवूनच काढावे व ओल्या चिंधीने पुसावे. बिडावर ग्राइंडरचे चाक फिरवू नये, कारण डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. त्यानंतर सरळ पट्टी लांबीच्या दिशेने व तिरपी अशी दोन्ही प्रकारे धरून, खालची फट फिलर गेजने मोजावी. किती मिलिमीटर चालते ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. फट त्याहून अधिक असेल तर मॅनिफोल्ड वर्कशॉपमधून सपाट करून आणावा. जाड पॅकिंग किंवा दोन पॅकिंगे घालून वाकडेपणा झाकता येत नाही. कानांजवळ तडा गेला आहे काय, हेही याच वेळी पाहावे. स्टडचे आटे तारेच्या ब्रशाने साफ करून, झिजलेले स्टड बदलावे व नट नवे घ्यावे.

पॅकिंग आवळण्यापूर्वी कोरडेच स्टडवर ठेवून पाहावे. त्याचे एखादे छिद्र हेडच्या छिद्रापेक्षा लहान असेल, तर आत डोकावणारी कड वायूच्या झोतात जळून तेथूनच गळती सुरू होते. पॅकिंगच्या एकाच बाजूस पत्रा असेल, तर पत्र्याची बाजू सामान्यतः मॅनिफोल्डकडे येते. पॅकिंगवर खूण असल्यास ती प्रमाण मानावी.

आता आवळण्याविषयी. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड 400 अंशांनी तापला तर तो सुमारे 2 मिलिमीटर लांबतो. हेडला पाण्याचा थंडावा असल्याने ते इतके वाढत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापताना मॅनिफोल्ड हेडवर किंचित सरकतो आणि थंड होताना परत येतो. त्याची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात ती यासाठीच. म्हणून सर्व नट प्रथम हाताने बसवावेत, मग मधल्या नटापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जावे, आणि ही फेरी दोन ते तीन वेळा, थोडा थोडा जोर वाढवीत करावी. एका टोकाकडून पूर्ण आवळत गेल्यास दुसरे टोक उचलले जाते. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील आकड्याइतकाच द्यावा. फाजील आवळलेला मॅनिफोल्ड सरकू न शकल्याने कानापाशी तडकतो. पाना जवळ नसेल तर तालुक्याच्या गावी एखाद्या मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागून आणावा. अंदाजावर विसंबू नये. उभे धुराडे ज्या पट्टीने बांधलेले असते ती पट्टी शेवटी, नळी आपोआप सरळ बसल्यावरच आवळावी. ती हरवली असेल तर नवी करून घ्यावी, नाहीतर धुराड्याचे सारे हेलकावे मॅनिफोल्डच्या सांध्यावर येतात.

पहिल्यांदा इंजिन तापवून पूर्ण निवू दिल्यानंतर सर्व नट त्याच क्रमाने पुन्हा तपासावेत. पॅकिंग पहिल्या तापात दबते, त्यामुळे एखादा नट हमखास सैल सापडतो. गळती पाहण्यासाठी पुष्कळजण सांध्याजवळ उदबत्ती धरतात, पण इंजिनाच्या पंख्याचा वारा धूर हलवीत असल्याने त्यावरून निश्चित काही कळत नाही. त्यापेक्षा बंद व थंड इंजिनाच्या धुराड्यातून ब्लोअरने हलकी हवा सोडून सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. फट असेल तेथे बुडबुडे येतात.

पाण्याच्या डिझेल इंजिनालाही हाच सांधा असतो, आणि तेथे त्याची गळती प्राणावर बेतते. पंप व्यवहारात सहा सात मीटरपेक्षा खोलून पाणी ओढत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काही ठिकाणी इंजिनच विहिरीत उतरवितात आणि धुराची नळी वर काढतात. नळी वर आहे म्हणून विहीर सुरक्षित आहे, असा समज होतो. परंतु सांधा गळत असेल तर वारा न खेळणाऱ्या त्या जागी धूर साचतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही व वास नाही. माणूस घेरी येऊन पडेपर्यंत त्याला काही कळत नाही. इंजिन बंद पडले म्हणून पाहावयास उतरलेला माणूस आणि त्याला काढावयास उतरलेला दुसरा, असे दोघेही दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात अशी इंजिने कोठे आहेत ते उन्हाळ्यापूर्वी पाहावे आणि इंजिन वर ठेवून विजेचा पाणबुडी पंप वापरता येईल काय, याचा मालकाशी विचार करावा. खाली कोणी बेशुद्ध पडलाच, तर वरच्या माणसाने मागोमाग उतरू नये. 112 या क्रमांकावर कळवावे, इंजिन वरून बंद करता येत असेल तर करावे, आणि दोर व श्वसनाचे साधन असलेली माणसे येईपर्यंत इतरांस काठापासून दूर ठेवावे.